वाकळीची चौदा दप्तरं

साहेब, तुम्हाला मोजता येत नाही.

हे मी तेव्हाच तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण तेव्हा मी साहेब दिसला की आधी पदर सारखा करणाऱ्या बायांतली होते. त्याला आता सोळा वर्षं झाली. आता पदर जागच्या जागी राहतो आणि तोंड चालतं. सगळं सांगते. तुम्ही फक्त शेवटपर्यंत वाचा, मधेच जीप सुरू करू नका.

भादव्यातली दुपार होती. पाऊस उघडून ऊन पडलं होतं. आमच्या सरगरवस्तीच्या एकखोली शाळेत त्या घडीला एक पण पोरगं नव्हतं, आणि आम्ही चौदा बाया फरशीवर पाय पसरून वाकळ शिवत बसलो होतो. वाकळ म्हणजे तुमच्याकडची गोधडी. ही साधीसुधी नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दाराच्या उंबऱ्याला टेकलेली. शाळेची सतरंजी उंदरांनी खाल्ली होती आणि नवी मागून दोन वर्षं झाली होती, म्हणून पोरांना बसायला आम्हीच शिवत होतो.

दारात सावली पडली. माझी सासू, कोंडाबाई, मान खाली घालून टाके घालत होती. मी तिला आत्या म्हणायची.

“कोन रं त्यो दारात?” आत्या म्हणाली. “उजेड अडवू नगं. हिकडं टाका दिसंना.”

“मी वरच्या ऑफिसातून आलोय. शाळा तपासणीला.”

“आसशील. बूट काढ.”

आमच्यातली हौसाबाई तोंडात पदर कोंबून हसायला लागली. तुम्ही खाली वाकळीकडं बघितलंत, मग स्वतःच्या बुटांकडं. नाडीचे बूट होते, काळे, पॉलिश केलेले.

“मला आत यायचंय.”

“ये की. नको कोन म्हनतंय? पर आरधी वाकळ म्हंजे बाळंतीन. तिच्या अंगावर बूट घालून नाचशील व्हय? काढ अन् ये.”

नाडी सोडायला वाकावं लागतं. तुम्ही वाकला नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिलात आणि तिथून समोरच्या भिंतीकडं बोट केलंत. “ते काय टांगलंय?”

“दप्तरं,” हौसाबाई म्हणाली.

“कुणाची?”

“आमची.”

“तुमची?” तुम्ही माझ्याकडं बघितलंत. सगळ्यांत तरणी मीच होते. “तुम्ही. ती इकडं आणा. एकेक करून.”

मी आणली. तुम्ही पहिल्या दप्तरावरची चिठ्ठी वाचलीत. वहीवर डकवतात तसली, छापील. “नाव, कोंडाबाई बिरू सरगर. इयत्ता, दहावी. विषय, टाका.” चष्मा वर केलात. “कोंडाबाई कोण?”

“मी की,” आत्या म्हणाली.

“तुम्ही दहावीत?”

“कवाचीच.”

“ही शाळा चौथीपर्यंत आहे, आजी.”

“मग बघ की. शाळंच्या बी फुडं गेलेय मी.”

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. साहेब, मी हसले, हे इथं लिहून ठेवते. कारण त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं होतं.

ही दप्तरं कुठून आली ते तुम्ही विचारलं नाहीत. न विचारताच सांगते.

आमच्या घरांत जमीन शेणाची आणि जागा हातभर. वाकळ पसरायला सपाट, मोठी जागा लागते. ती अख्ख्या वस्तीत एकच, शाळेची शहाबादी फरशी. शाळेला एकच शिक्षक, ढोबळे गुरुजी. लाजरा माणूस. बाईमाणसाशी बोलताना फळ्याकडं बघून बोलायचे. त्यांनी दुपारी अर्धा वर्ग आम्हाला वापरायला दिला. म्हणाले, “आया शाळेत दिसल्या की पोरंही शाळेत दिसतात.” खरंच झालं ते. पण आम्ही बाया सुया कुठं ठेवणार? अंबाड्यात, पोलक्यात, पदराच्या टोकाला. तुम्ही यायच्या आदल्या वर्षी एकदा माझ्या वैजूच्या टाचेत सुई गेली. वैजू माझी लेक, तेव्हा दुसरीत. गुरुजींनी तिला सायकलच्या दांडीवर बसवून डॉक्टरकडं नेलं. आल्यावर पहिल्यांदा आमच्याकडं बघून बोलले.

“उद्यापासून सुया मोजून आणायच्या, मोजून न्यायच्या. नाहीतर वर्ग बंद.”

“मास्तर चिडतोय व्हय गं?” आत्या म्हणाली. “मला वाटलं, ह्याला जीभच न्हाई.”

तोड मी काढली. आमच्या बाजाराला एक दप्तरवाला बसायचा. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले की त्याचा हंगाम सरायचा आणि राहिलेला माल मिळेल त्या भावाला काढायचा. चेन जराशी अडकणारी दप्तरं, झाकणावरचा सिंह अर्धा उडालेल्या कंपास पेट्या. मी चौदा-चौदा आणली. बायांनी मला वेड्यात काढलं.

“मालन, म्हातारपनी बिगरीत घालतीस व्हय आमाला?” हौसाबाई म्हणाली.

पण दप्तरासारखं दुसरं सोयीचं काही नाही, साहेब. मोठ्या कप्प्यात चिंध्या. मधल्या कप्प्यात बटणाच्या प्लास्टिक पिशव्या, एका पिशवीत एकाच रंगाचे तुकडे, म्हणजे लाल शोधताना सगळं गाव पालथं घालायला नको. बाटलीच्या जाळीत कात्री. परीक्षेच्या पॅडला कापलेल्या पट्ट्या चिमटीत धरून ठेवायच्या, वाऱ्यानं उडत नाहीत. कंपास पेटीत सुया, मेणाचा गोळा आणि खडूचा एक तुकडा. खडू ओल पितो, सुया गंजत नाहीत. खडूनं वाकळीवर रेघ मारायची, सहा इंची पट्टीनं अंतर धरायचं. कर्कटकानं आत्या गोल काढायची, तेही असे की गुरुजींनी कौतुकानं पोरांना दाखवावेत.

दप्तरांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या, म्हणजे एकीच्या सुया दुसरीकडं जायच्या नाहीत. दप्तरवाल्यानं चिठ्ठ्या फुकट दिल्या होत्या, त्यावर इयत्ता आणि विषय छापलेलं. मी आत्याला विचारलं, “आत्या, इयत्तेच्या जागी काय लिवू?”

आत्या कधी शाळेत गेली नव्हती. तिनं क्षणभर विचार केला. “टाक्यावरनं ठरव. हरबऱ्यायेवढा टाका आसंल तर पयली. जोंधळ्यायेवढा आसंल तर चवथी. बाजरीयेवढा, सातवी.”

“आन् तुमचा?”

“खसखशीयेवढा. मला घाल तूच म्होरं कुठंतरी.”

मी दहावी लिहिलं. माझी इयत्ता ठरवायला आत्यानं माझ्या टाक्यावर नख फिरवून बघितलं. “तुजा टाका उंटावानी चालतोय. तिसरी.” पुढच्या वर्षी परत बघितलं आणि परत तिसरीतच ठेवलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, वस्तीत सगळ्यांत जास्त. आणि सासूनं मला तिसरीत दोनदा नापास केलं. गुरुजी हे ऐकून फळ्याकडं तोंड करून बराच वेळ हसत होते.

सुयांसाठी मी एक जुनं हजेरीबुक घेतलं. नावं लिहिली, नावापुढं इयत्ता, आणि रोज किती सुया आल्या न् किती गेल्या ते. हजेरी सुयांची होती, बायांची नाही.

साहेब, तुम्ही चौदा चिठ्ठ्या वाचल्यात. मग हजेरीबुक मागितलंत. पान उलटलंत आणि तुमचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता तुम्ही हसाल.

“नावं, इयत्ता, रोजची हजेरी,” तुम्ही म्हणालात. “ही गुरुजींनी लिहायला सांगितली?”

“न्हाई, मीच लिवली,” मी म्हणाले.

“गुरुजी कुठंयत? मुलं कुठंयत?”

“मेंढरांची ल्वकर कातरायचं बघाय गेल्यात. खालच्या अंगाला, बिरोबाच्या माळाला. पुस्तकात धडा हाय म्हनं.”

“पुस्तकात धडा आहे.” तुम्ही ते तसंच म्हणालात आणि खिशातून पेन काढलंत. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या लिहिलंत. आत्या म्हणाली, “उभ्यानं लिवतुयास, आक्षार वाकडं यील. बस की जरा, पानी पी.” तुम्ही पाणीही प्यायला नाहीत.

जीप गेल्यावर घटकाभरानं गुरुजी धापा टाकत आले. त्यांच्या आधी पोरं. नऊ पोरं, केसांत लोकरीचे पुंजके. वैजू सगळ्यांच्या पुढं नाचत होती.

“आये, सायबानी मला टाटा केला! आमी समदी रस्त्याला हुबी हुतो. त्यांनी काच खाली केली अन् असा हात हलिवला!”

“तुलाच केला व्हय?” हौसाबाईनं तिला चिडवलं. “तुज्या मागं मेंढरं हुती, त्यास्नी केला आसंल.”

वैजूला राग आला. पुढं वर्षभर तिला कुणीही विचारलं, मोठी झाल्यावर काय होणार, की ती म्हणायची, जीपवाला साहेब.

आठ दिवसांनी गुरुजींच्या नावानं कागद आला. गुरुजींनी तो मला वाचायला दिला, स्वतः फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. कागदात लिहिलं होतं की पटसंख्या फुगवून दाखवण्यासाठी शिक्षकानं वस्तीतल्या महिलांची नावं विद्यार्थी म्हणून नोंदवली, त्यांची बनावट दप्तरं वर्गात टांगली, बनावट हजेरी ठेवली. नोकरीवरून का काढू नये, त्याचा खुलासा तालुक्याला येऊन करावा.

मी आत्याला वाचून दाखवलं. आत्यानं हातातली सुई कंपास पेटीत ठेवली. मग म्हणाली, “पन्नास वर्सांच्या बायका पोरं म्हनून दाखवायला मास्तर काय येडा हाय?”

“कागदात तसं लिवलंय.”

“मंग कागद येडा हाय.”

गुरुजींची बायको सातव्या महिन्यात होती. अक्षर माझं आणि मान गुरुजींची. मी रडायला लागले तशी आत्यानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

“तिसरीतली हाईस तर तिसरीतच रडतीस. चल, दप्तार भर.”

ठरल्या दिवशी आम्ही चौदा जणी चौदा दप्तरं पाठीला लावून एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, “मावशी, कुठल्या शाळेची सहल?” हौसाबाई म्हणाली, “आमी परीक्षेला चाललोय. तुजी झाली का पास?” तालुक्याच्या ऑफिसात शिपाई आडवा आला. इतक्या बाया आत सोडता येणार नाहीत म्हणाला. आत्यानं त्याला कंपास पेटी उघडून दाखवली. “बघ, परीक्षेचं समदं आनलंय. उशीर झाला तर तुला जबाबदार धरनार.” तो बाजूला झाला.

तुम्ही टेबलामागं होतात. गुरुजी एका कडेला उभे, हातात टोपी. आम्हाला बघून तुम्ही म्हणालात, “हे काय?”

“तुमी बनावट म्हनलाव ती दप्तरं,” आत्या म्हणाली. “बनावट कशी ते बघाया आनलीत. उघडा.”

तुम्ही उघडलंत. चिंध्या, पट्ट्या, रंगांच्या पिशव्या. पुस्तक एकही नाही. तुम्ही दुसरं उघडलंत, तिसरं. चौथ्याला कंपास पेटी हातात धरून बघत राहिलात.

“यात खडू कशाला?”

“सुया गंजत न्हाईत.”

“खरंच?” तुमचा आवाज एकदम घरातला झाला. “आमच्या घरी दर पावसाळ्यात सगळ्या सुया गंजतात.”

“बायकूला सांगा. खडू ठेव म्हनावं.”

मग आत्यानं तुम्हाला इयत्तांचा हिशेब समजावला. हरभरा, जोंधळा, बाजरी, खसखस. तिचा आणि माझा टाका शेजारी शेजारी धरून दाखवला. माझा टाका बघून तुम्ही हसलात, साहेब. तिथं कुणी हसलं नसतं तरी चाललं असतं.

“सायेब, तुमाला येतं का सुईत दोरा ववाया?” आत्यानं विचारलं.

“येतं की.”

“ववा.”

तुम्ही दोरा ओवायला घेतलात. ऑफिसातले सगळे गोळा झाले. दोरा तीनदा ओठांत ओला केलात, चष्मा काढलात, परत घातलात. दोरा नेढ्याच्या बाजूनं जात राहिला. आत्या तुमच्या खुर्चीशेजारी उभी राहून शांतपणे बघत होती.

“मालन,” ती म्हणाली, “एक चिठ्ठी काड. सायबाला बिगरीत घाल.”

अख्खं ऑफिस हसलं. तुम्हीही हसलात. गुरुजींचा कागद मागे घेतलात, त्यावर सही केलीत आणि म्हणालात, “गैरसमज झाला. आता काही सांगायचंय का कुणाला?”

साहेब, त्या वेळी मला काही सांगायचं होतं. काय ते मला नीट सुचत नव्हतं, पण काहीतरी राहिलंय असं आत टोचत होतं, अंबाड्यातली सुई विसरल्यासारखं. पण सगळे हसत होते, गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होतं, आत्यानं तुमच्याकडून चहा मागवला होता. मी म्हणाले, “न्हाई, काय न्हाई.”

परतीच्या एसटीत आम्ही भजी खाल्ली. वस्तीवर येऊन वाकळ पुरी केली. नऊ पोरं तिच्यावर बसली आणि तरी जागा उरली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरा कागद आला. हा कुणाच्या विरुद्ध नव्हता. नुसता कळवत होता. सरगरवस्तीची शाळा बंद, मुलांनी ओढ्यापलीकडच्या गावातल्या शाळेत जावं, शिक्षकाची बदली. खाली कारण दिलं होतं, तुमच्या सहीनं. मी ते तीनदा वाचलं.

“तपासणीच्या वेळी आढळलेली दप्तरे: चौदा, विद्यार्थ्यांची नसलेली. विद्यार्थ्यांची दप्तरे: शून्य. विद्यार्थी: शून्य.”

तेव्हा टोचत होतं ते मला सापडलं. मी पळत शाळेत गेले आणि उंबऱ्यात तुम्ही उभे होतात तिथं उभी राहिले. समोर आमच्या चौदा खुंट्या. मग आत पाऊल टाकलं आणि वळून बघितलं. दाराच्या भिंतीला, दाराच्या दोन्ही अंगांना, पोरांच्या नऊ खुंट्या होत्या. त्या दुपारी त्यांच्यावर नऊ दप्तरं लटकत होती. पुस्तकांची, पाट्यांची, खरी. उंबऱ्यावरून ती दिसत नाहीत. त्याला आत यावं लागतं. आत यायला बूट काढावे लागतात.

मी तेव्हा तुमच्यासमोर चौदा वेळा त्या फरशीवरून ये-जा केली. नऊ दप्तरांपुढून गेले. एकदाही बोट केलं नाही. पुढं ऑफिसातही तोंड उघडलं नाही. ती माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही. आत्या मरेपर्यंत म्हणायची, “बूट घालूनच यिऊ द्यायला हवं हुतं गं त्याला. वाकळ काय, धुतली आसती.” ती आत्याची चूक. आम्ही आमच्या चुका घेऊन बसलोय.

ढोबळे गुरुजी गेले. जाताना त्यांच्या बाळासाठी आत्यानं खसखशीच्या टाक्याचं दुपटं दिलं. ओढ्याला पावसाळ्यात कमरेएवढं पाणी असतं. नऊतले तीन मुलगे पलीकडच्या शाळेत गेले. बाकीची सहा, त्यात पाच पोरी, मेंढरांमागं गेली. वैजू तिसरीत होती. तिसरीतच राहिली. मीही तिसरीतच होते, पण माझी तिसरी गमतीची होती.

आज वैजू तेवीस वर्षांची आहे. तिचा टाका खसखशीएवढा आहे, आत्यानं मरायच्या आधी तिला दहावी देऊन टाकली. तिचं शाळेचं दप्तर अजून आहे, चेनला सेफ्टी पिन लावलीय. त्यात आता पुस्तक नाही. चिंध्या आहेत, पट्ट्या आहेत, कंपास पेटीत सुया आणि खडू आहे. म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत ते आता खरं झालंय. आता या, मोजा. विद्यार्थ्यांची दप्तरे शून्य.

पण मला दप्तरांचं उत्तर नकोय. दप्तरं भिंतीआड होती, समजा तुम्हाला नाही दिसली. कालपरवा वैजू नव्या वाकळीवर कर्कटकानं गोल काढत होती. काढता काढता मधेच हसली आणि म्हणाली, “आये, त्या सायबानी खरंच मलाच टाटा केला हुता. मेंढरास्नी न्हाई.”

तुम्हाला विचारते. नऊ पोरं रस्त्याच्या कडेला उभी होती. तुम्ही काच खाली केलीत आणि हात हलवलात. मग त्याच हातानं ऑफिसात बसून शून्य लिहिलंत.

साहेब, हात कुणाला हलवला होता? सांगा.